सर, टच होत नाहीये!

आमच्या शाळेच्या स्मार्ट बोर्डाला उद्घाटनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी झेंडूचा हार घातला आणि तिथून सगळं बिनसलं.

हार घालायला आमची कधीच ना नसते. दसऱ्याला आम्ही खडूच्या फळ्याला घालतो, नव्या पाण्याच्या टाकीला घातला होता, आमदार निधीतून झालेल्या स्वच्छतागृहालाही घातला होता. त्यांपैकी कुणी तक्रार केली नाही. पण या बोर्डाच्या चौकटीत म्हणे डोळ्यांना न दिसणारे किरण उभे-आडवे धावत असतात, आणि त्यांच्या वाटेत काहीही आलं की बोर्डाला वाटतं, बोट लागलं. हार लोंबू लागताच त्याला चहूबाजूंनी बोटं लागली. पडद्यावर 'सुस्वागतम्' होतं. ते मोठं झालं, आणखी मोठं झालं, शेवटी नुसता एक 'ग' भिंतभर उरला. मग तो 'ग' आडवा झाला. हार काढावा हे सगळ्यांना सुचत होतं, पण पाहुण्यांनी घातलेला हार पाहुण्यांच्या देखत काढायचा नसतो. शेवटी पर्यवेक्षिका बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे झाल्या आणि त्यांनी कुंकवाचं बोट टेकवलं ते नेमकं अशा ठिकाणी की बोर्ड बंदच झाला. काळ्या पडद्यावर हळदीकुंकू मात्र छान उठून दिसत होतं.

पाहुणे डगमगले नाहीत. "आता मुलांना शिक्षक नसले तरी चालेल," ते म्हणाले. "सगळं ज्ञान या फळ्यात आहे!" आम्ही सगळ्या शिक्षकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. आपली नोकरी जाणार या वाक्याला एवढ्या उत्साहाने टाळ्या देणारा दुसरा नोकरवर्ग सापडायचा नाही. खरं तर भाषण संपलं असा आमचा समज झाला होता. ते पुढे बराच वेळ चाललं.

बोर्ड चालवायची जबाबदारी माझ्यावर आली. त्यात गुणवत्तेचा प्रश्न नव्हता. बोर्ड आठवी 'ब'च्या खोलीत बसला आणि आठवी 'ब' माझी. "तुम्ही त्यातल्या त्यात तरुण आहात," मुख्याध्यापक म्हणाले. माझी निवृत्ती जवळ आली आहे. बाकीच्यांची त्याहून जवळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग मला रीतसर ताबा मिळाला : एक रिमोट, दोन पेनं, कार्यानुभवाच्या तासाला मुलींनी शिवलेला झालरीचा अभ्रा आणि एक नोंदवही. नोंदवहीत रकाने असे : दिनांक, तासिका, विषय, घटक, चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, शेरा, सही. पहिल्या दिवशी शेऱ्यात मी लिहिलं, 'वीज नाही'. दुसऱ्या दिवशी वीज आली, तेव्हा 'नेट नाही'. तिसऱ्या दिवशी दोन्ही हजर होती, पण मुलं जंतनाशक गोळ्या घ्यायला मैदानात गेली होती. लिहिलं, 'वर्ग नाही'.

अखेर एकदा वीज, नेट, वर्ग आणि मी असे चौघेही एकत्र आलो. भूगोलाची तासिका होती. महाराष्ट्राचा नकाशा असा झकास उमटला की मलाच क्षणभर कौतुक वाटलं. लाल पेन निवडलेलं होतं. मी नद्या दाखवायला वळणार, एवढ्यात चौकटीमागून एक पाल बाहेर आली आणि मुंबईवरून चालू लागली. तिच्या मागे मागे लाल रेघ. इगतपुरीला ती थोडी थबकली, शिर्डीच्या आसपास एक किडा मटकावला आणि तिथून तिरपी नागपूरकडे निघाली.

"सर, समृद्धी महामार्ग!" मागच्या बाकावरून आरोळी आली.

घटक चाचणीत समृद्धी महामार्गाचा प्रश्न अख्ख्या वर्गाचा बरोबर आला. कोणकोणत्या जिल्ह्यांतून जातो, तेही. मी शिकवलेल्या नद्यांची अवस्था मी सांगत नाही. त्या दिवशीच्या शेऱ्यात काय लिहावं हे मला कळलं नाही, आणि मुलं अजूनही विचारतात, "सर, आज पाल येणार का?"

फोन बोर्डाला जोडता येतो हा शोध मला उशिरा लागला. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड फोनने टिपायचा आणि व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावायचा, अशी ती युक्ती. व्हिडिओ लागला. एक गोड आवाजाची बाई कवितेचा आशय सांगू लागली. वर्ग शांत. आणि तेवढ्यात पडद्याच्या माथ्यावर, हातभर लांबीच्या अक्षरांत, आमच्या सौभाग्यवतींचा निरोप अवतरला : 'येताना गिरणीतून दळण आणा. आणि त्या पर्यवेक्षिका बाईंशी वाद घालू नका, तुमचं बीपी वाढतं.' मी अंगाने पडदा झाकायला गेलो, तर माझाच टच लागून निरोप पूर्ण उघडला. मागचे निरोपही दिसू लागले. तास संपल्यावर मुलं नेहमीप्रमाणे 'नमस्ते सर' म्हणाली नाहीत. चाळीस तोंडांतून एकच शब्द निघाला : "दळण!"

हे सगळं एकट्या बोर्डाच्या माथी मारणं बरोबर नाही. त्याचे पूर्वज आमच्याकडे रंगमंचामागच्या खोलीत आहेत. शाळेत येणारी प्रत्येक टिकाऊ वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढते, आणि एकदा चढली की उतरत नाही. उतरवायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव हवा, समिती हवी, तीन प्रती हव्यात, भंगारवाल्यांची दरपत्रकं हवीत. त्यापेक्षा वस्तू जन्मभर सांभाळणं सोपं पडतं. म्हणून त्या खोलीत लाकडी रेडिओ आहे. सरकत्या दारांचा, कुलूपवाला टीव्ही आहे. पुण्यात 1984 साली बालचित्रवाणी सुरू झाली, त्या काळातला. बालचित्रवाणी 2017 साली बंद झाली, टीव्ही कागदोपत्री अजून सेवेत आहे. मान वाकडी झालेला ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे. आणि रांगेने संगणक आहेत. ते आले तेव्हा त्यांच्या खोलीबाहेर चपला काढायच्या असा नियम होता. धूळ जाऊ नये म्हणून मुलांनाही फारसं जाऊ देत नसत. पहिली बॅच संगणक खिडकीतून शिकली. शिपाईमामा रोज सकाळी त्यांना उदबत्ती दाखवायचे, ते कुणी सांगितलं नव्हतं.

या प्रत्येक वस्तूच्या उद्घाटनाला कुणी ना कुणी पाहुणा तेच वाक्य बोलून गेलेला आहे. या पाहुण्यांचे मूळपुरुष म्हणजे थॉमस एडिसन. 1913 साली त्यांनी जाहीर केलं, की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं चलच्चित्रांतून शिकवता येईल आणि दहा वर्षांत शाळांचा पार कायापालट होईल. 1923 साल आलं आणि गेलं. एडिसनचा सिनेमा वर्गात यायचा राहिला, बल्ब मात्र आला. बिल थकल्यामुळे तो पेटत नाही ही गोष्ट वेगळी.

पुढे पुढे तर पाहुणे आकाशातून येऊ लागले. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 असं वर्षभर अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह भारताच्या दिमतीला होता. सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत टीव्ही लागले आणि शाळेतल्या मुलांसाठी थेट अंतराळातून धडे उतरले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. प्रयोग मोठा होता, त्याची थट्टा करायची माझी हिंमत नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी आम्हा मास्तरांना फार ओळखीच्या वाटतात. एक, त्याच उपग्रहावरून हजारो प्राथमिक शिक्षकांचंही प्रशिक्षण झालं. म्हणजे यंत्र आकाशात असलं तरी प्रशिक्षणाला बसायचं मास्तरांनीच. आणि दोन, वर्ष संपताच उपग्रह परत गेला. प्रतिनियुक्तीवर आलेला माणूस रुळतो न रुळतो तोच मूळ आस्थापनेवर जातो, तसंच झालं.

मग शंभर डॉलरच्या लॅपटॉपची लाट आली. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, अशी ती जगभरची योजना. आपल्याकडे तिचा पहिला प्रयोग 2007 साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावच्या छोट्याशा शाळेत झाला. शाळा एकशिक्षकी. मुलागणिक एक लॅपटॉप आणि शाळेगणिक एक मास्तर! पेरू देशाने तर हे लॅपटॉप लाखांनी वाटले. नंतर तपासणी केली, तेव्हा मुलांच्या गणितात आणि भाषेत काही फरक पडलेला दिसला नाही. लॅपटॉप चालवण्यात मुलं तरबेज झाली होती, हे मात्र कबूल करायला हवं.

सगळ्यात धाडसी प्रयोग शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांचा. 1999 साली दिल्लीत, कालकाजीला, त्यांनी कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून पलीकडच्या वस्तीच्या बाजूने संगणक बसवला आणि मुलांना मोकळं सोडलं. मास्तर नाही, हजेरी नाही. मुलं आपापली शिकली. तसे संगणक पुढे आपल्या सिंधुदुर्गातही बसले. नंतर तमिळनाडूतल्या एका गावात त्यांनी संगणकावर जीवशास्त्राचा अवघड भाग ठेवला. मुलं बरीच पुढे गेली आणि एका जागी अडली. तेव्हा मित्रांनी काय केलं? त्या विषयाचा गंध नसलेली एक मुलगी त्यांच्या मागे उभी केली. तिने फक्त 'अरे वा! हे कसं काय जमलं तुला?' असं म्हणत राहायचं. मुलांचे गुण वाढले. या पद्धतीला ते आजीची पद्धत म्हणतात. म्हणजे भिंतीला भोक पाडून मास्तरांना बाहेर काढलं आणि मागच्या दाराने आजी आत आली.

हे वाचून मी भारावलो. दुसऱ्याच दिवशी गणित सोडवणाऱ्या एका मुलीच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "अरे वा!"

तिने दचकून वही झाकली. "काय चुकलं सर?"

"काही नाही. छान चाललंय."

तिने पूर्ण उदाहरण खोडलं आणि नव्याने सोडवायला घेतलं. शेजारचीनेही खोडलं. इतकी वर्षं मी कुणाच्या मागे उभा राहिलो की काय होतं, याचा तो चोख हिशेब होता.

यंत्रमानवाचं प्रकरण आमच्या स्टाफरूममध्ये वर्तमानपत्रातून आलं. 2009 साली जपानमध्ये साया नावाची यंत्रबाई टोकियोच्या एका शाळेत वर्गावर उभी राहिली होती. ती हजेरी घ्यायची, 'गप्प बसा' म्हणून ओरडायची आणि चेहऱ्यावर सहा भावना दाखवायची. सहा! आमच्या इंग्रजीच्या मॅडमना नुसत्या भुवईत त्याहून जास्त येतात. माझ्याकडे रागाचेच कितीतरी प्रकार आहेत : खरा राग, मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना दाखवायचा राग, हसू दाबण्यासाठी धारण केलेला राग, आणि दुसऱ्याच वर्गावरचा पण या वर्गावर निघणारा राग. मुलं प्रत्येकाला ओळखून असतात आणि त्याप्रमाणे गप्प बसतात किंवा बसत नाहीत.

2024 साली केरळात, तिरुवनंतपुरम भागात, आयरिस आली. ही साडी नेसते. बातमी मोठ्याने वाचून झाल्यावर स्टाफरूममध्ये जी चर्चा झाली तिच्यात बुद्धिमत्तेचा विषय निघालाच नाही.

"साडीला पिना कोण लावतं?" गणिताच्या मॅडम.

"तिला निवडणुकीची ड्युटी लागणार का?" चित्रकलेचे सर.

यावर एकदम शांतता पसरली. मग सगळ्यांचे चेहरे उजळले. बीएलओ म्हणून घरोघरी फिरायला आयरिस! जनगणनेला आयरिस! पोषण आहारातला तांदूळ किती शिजला, किती उरला हे रोज ॲपमध्ये भरायला आयरिस! 2016 साली सरकारने फर्मान काढलं होतं, की शिक्षकांनी ठरलेल्या सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून संगणकावर चढवावेत, म्हणजे शाळा सोडणारी मुलं सापडतील. शाळेत नसलेलं मूल शाळेतल्या सेल्फीत कसं सापडणार, हे कुणाला उलगडेना, आणि पुढे तो निर्णय गुंडाळला गेला. तेही काम आयरिसने हसतमुखाने केलं असतं. यंत्र आमची जागा घेणार या भीतीने कुणाची झोप उडाली असेल तर त्याने आमच्या स्टाफरूममध्ये यावं. आमची एकच अट आहे, जागा घ्यायची तर पूर्ण घ्यायची. नुसतं शिकवण्याचं काम न्यायचं आणि बाकीचं आमच्याकडे ठेवायचं, हे चालणार नाही.

तेवढ्यात कुणीतरी डिसले गुरुजींची आठवण काढली. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि 2020 साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला, दहा लाख डॉलरचा. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. "क्यूआर कोडने वाटली असती का?" चित्रकलेच्या सरांनी टेबलावर मूठ आपटली. मग मी पतपेढीतून उचललेल्या कर्जाचा हप्ता या महिन्यात कोण भरतंय हा विषय निघाला आणि सभा पांगली.

पण माझी स्वतःची जागा एका यंत्राने बऱ्याच आधी घेतली आहे, हे मला नुकतंच कळलं. व्याकरणातले प्रयोग शिकवताना मी दरवर्षी एक विनोद करतो. फळ्यावर लिहितो, 'पूल बांधला गेला.' आणि म्हणतो, "बांधणारा वाक्यात सापडत नाही." इथे थोडं थांबतो. मग लिहितो, 'पूल वाहून गेला', आणि म्हणतो, "आता तर शोधूच नका." मग आधी मी हसतो, मागाहून वर्ग. यंदा मी पहिलं वाक्य लिहून थांबलो, तोच पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "आता तर शोधूच नका."

"तुला कसं ठाऊक?"

"बाबांनी सांगितलं. तुम्ही त्यांनाही होता. बाबा म्हणाले, सर इथे थांबतात, मग हसतात."

पाठ टाचण वहीत तो विनोद लिहून ठेवलेला आहे, कंसात 'विराम' असंही. माझ्यापेक्षा बोर्ड बरा. त्यात निदान नवी आवृत्ती येते.

निबंधाच्या बाबतीत मात्र मी अजून शाबूत आहे. विषय दिला होता 'माझी आजी'. मुलांच्या हाती आता एआय आहे, हे मला ठाऊक होतं. एका वहीतली आजी आरामखुर्चीत बसून लोकरीचे स्वेटर विणत होती आणि नातवासाठी केक भाजत होती. त्या मुलाच्या आजीला मी ओळखतो. मंगळवारच्या बाजारात तिच्याकडूनच वांगी घेतो. ती आरामखुर्चीत बसली तर अर्धा बाजार उठेल.

"ही कुणाची आजी रे?"

"मोबाइलमधली आहे, सर."

रागावणार होतो, पण आमच्या काळातल्या गाईडमधली आजी आठवली. पस्तीस वह्यांत ती एकच असायची. पहाटे उठून रामरक्षा म्हणायची, सुट्टीत लाडू करायची आणि शेवटच्या परिच्छेदात देवाघरी जायची. आता निदान प्रत्येकाला वेगळी खोटी आजी मिळते. मी म्हटलं, "वही ठेव. तुझी आजी कशी आहे ते तोंडी सांग."

तो जरा घुटमळला, मग सुटला. ती पहाटे टेम्पोत पोत्यांवर बसून येते, मिश्री लावल्याशिवाय कुणाशी बोलत नाही, आणि गिऱ्हाइकाला माप दिल्यावर वर दोन मिरच्या फुकट टाकते. "पण तुम्हाला नाही टाकत, सर."

"का?"

"म्हणते, त्याला पगार आहे."

वर्ग कोसळला. मी त्याला दहापैकी आठ दिले. दोन मिरच्यांचे कापले.

आता ताजी खबर. 'अध्यापनात कृत्रिम बुद्धिमत्ता' या विषयावर आम्हा सर्वांना ऑनलाइन प्रशिक्षण सक्तीचं झालं. रोज व्हिडिओ बघायचे, शेवटी प्रश्नमंजूषा, मग प्रमाणपत्र. व्हिडिओ पुढे पळवता येत नाही, पण आवाज बंद करता येतो, हे पहिल्याच दिवशी सर्वांना समजलं. मी फोन भिंतीला टेकवून दळण आणायला जात असे. गणिताच्या मॅडम व्हिडिओ लावून मेथी निवडत. परीक्षेत मान जरा वळली तर पेपर काढून घेणारे आमचे पर्यवेक्षक, त्यांनी रात्री साडेनऊला ग्रुपवर सगळी उत्तरं टाकली, खाली हात जोडल्याचं चित्र. आम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवले.

नववा प्रश्न होता : तंत्रज्ञान शिक्षकाची जागा घेऊ शकेल काय? ग्रुपवर उत्तर होतं, 'क'. मी 'क'वर टिचकी मारली, सबमिट केलं आणि शंभर टक्के मिळाले. प्रमाणपत्रही लगेच आलं, त्यावर माझं आडनाव चुकलेलं.

थोड्या वेळाने गणिताच्या मॅडमचा फोन. "सर, त्या नवव्याचं 'क' म्हणजे हो की नाही?"

"मी वाचलं नाही हो. तुमचं सबमिट झालं का?"

"झालं."

"मग झालं तर!"